नकाराचा कर्ता : ओळख, चेहरा आणि प्रवेशद्वार

१

प्रवासी यंत्रासमोर उभा राहतो, यंत्र त्याचा चेहरा टिपते, काचेची झडप बाजूला होते आणि तो आत जातो. त्याला कोणी नाव विचारलेले नसते. त्याने कोणापुढे कागद धरलेला नसतो. 'डिजियात्रा' या नावाची ही व्यवस्था १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथील विमानतळांवर सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती पुणे व मुंबई येथे आली. देशांतर्गत प्रवासासाठी आणि ऐच्छिक म्हणून ती आणली गेली. तिच्यामुळे रांगेतला वेळ वाचतो, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. मग अशा सोयीच्या गोष्टीत नैतिक प्रश्न तो कोणता? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की प्रश्न दार उघडण्यात नसून ते न उघडण्यात आहे. दार उघडते तेव्हा ते कोणी उघडले याची विचारपूस कोणी करीत नाही. ते उघडत नाही तेव्हा मात्र 'नाही' कोण म्हणाले, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला उत्तर मिळेनासे होते.

हा प्रश्न खानदेशातून विचारला जावा यात औचित्य आहे. विमानतळावरील या चेहऱ्याच्या मुळाशी बहुधा आधार क्रमांक असतो, आणि देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झाले. 'उडान' योजनेखाली नियमित विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडले. पुढे सेवा थांबली, पुन्हा सुरू झाली. म्हणजे ज्या प्रदेशात विमान उशिरा आणि अडखळत आले, तेथे ओळखीचा क्रमांक मात्र सर्वांच्या आधी पोचला. आपण जाण्याआधी आपली ओळख गेली, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडचा नित्याचा प्रवास मात्र वेगळ्या ओळखीवर चालत आला. एस. टी.च्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. वाहक पैसे घेतो, तिकीट देतो. तुम्ही कोण, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. ओळख विचारली जाते ती शेजारच्या बाकावरून. धुळ्याहून साक्रीकडे निघालेल्या गाडीत एखादी म्हातारी शेजारच्या पोराला सहज विचारते, 'तू कोना पोऱ्या शे?' आणि दोन-तीन गावे व दोन-तीन सोयरिकी ओलांडून काहीतरी नाते निघतेच. याला मराठीत 'ओळख काढणे' असे म्हणतात. ओळख आधीपासून तयार नसते. ती दोघांनी मिळून काढायची असते, विहिरीतून पाणी काढावे तशी.

अलीकडे शासकीय ओळख एस. टी.तही शिरली आहे, ती सवलतीच्या दाराने. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळू लागला तेव्हा वयाचा पुरावा दाखवणे आले. पण तेथेही कार्ड पाहणारा वाहक कार्डाकडे बघतो, मग चेहऱ्याकडे बघतो, आणि बहुतेक वेळा चेहऱ्यावर विश्वास ठेवून पुढे सरकतो. या दोन बघण्यांच्या मधला जो क्षण आहे, त्याविषयी हा लेख आहे.

२

'ओळख' या नामाभोवती मराठीने क्रियापदांचे मोठे कुटुंब जमविले आहे. ओळख असते, होते, निघते, वाढते. ओळख देता येते, दाखवता येते, विसरता येते. आणि ओळख पटते. यांतील शेवटचे क्रियापद आपल्या विवेचनाला विशेष महत्त्वाचे आहे. 'पटणे' याला नेहमी कोणीतरी लागतो. 'मला पटले', 'त्यांना पटले नाही'. ज्याला पटते तो चतुर्थीत उभा असतो, पण त्याच्यावाचून वाक्य पुरे होत नाही. 'ओळख पटली' असे आपण नुसते म्हणतो तेव्हाही 'कोणाला?' हा प्रश्न त्या वाक्यात दडलेला असतो. पटणे ही मनाची क्रिया आहे. तिला शंका चालते, विलंब चालतो, समजावून सांगणे चालते.

यंत्राच्या बाबतीत जे घडते त्याला 'जुळणे' हा शब्द योग्य ठरेल. नोंदविलेल्या चेहऱ्याचे अंकांत रूपांतर झालेले असते. समोरच्या चेहऱ्याचेही होते. दोन अंकसमूहांतील साम्य मोजले जाते. हे साम्य कधीच पूर्ण नसते, कारण कालचा चेहरा आणि आजचा चेहरा कधीच तंतोतंत एक नसतो. म्हणून एक उंबरठा ठरवावा लागतो. साम्य त्याच्या वर गेले तर 'हाच तो', खाली राहिले तर 'हा तो नव्हे'. उंबरठा उंच केला तर तोतया अडतो, पण खराही अधिक वेळा अडतो. खाली आणला तर खरा सुटतो, पण तोतयालाही वाट मिळते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक किती सोसायची हा गणिताने सुटणारा प्रश्न नाही. तो निर्णय कोणीतरी माणूस घेतो, आणि दाराशी तो उपस्थित नसतो. चुकांचे वाटपही सर्वांत सारखे होईल असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले, की अनेक प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत भलत्याच माणसाशी चेहरा जुळण्याचे प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांहून अधिक होते.

भारतीय तत्त्वचर्चेत प्रत्यभिज्ञेचे ठरलेले उदाहरण 'सोऽयं देवदत्तः' हे आहे : तो हा देवदत्त. 'तो' म्हणजे पूर्वी पाहिलेला, 'हा' म्हणजे समोर उभा असलेला. स्मरण आणि प्रत्यक्ष यांचा मेळ एकाच ज्ञात्याच्या ठिकाणी व्हावा लागतो. किंबहुना असा मेळ होतो यावरूनच टिकून राहणारा ज्ञाता सिद्ध करण्याचा युक्तिवाद आपल्याकडे झाला. यंत्रापाशी 'तो' आहे आणि 'हा'ही आहे. ज्याच्यात हे दोन्ही भेटतात असा कोणी नाही. वाक्य उच्चारले जाते, उच्चारणारा नसतो.

जुळण्यालाच पुरावा मानण्यात धोका आहे, हे मराठी इतिहासाला चांगले ठाऊक आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे भाऊ म्हणून एक इसम उभा राहिला आणि १७७६ साली त्याचे बंड कोकणात पसरले. नरसिंह चिंतामण केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे. भाऊंशी असलेले साम्य हेच त्या इसमाचे भांडवल होते, आणि पती जिवंत असल्याची पार्वतीबाईंची श्रद्धा ही त्या प्रकरणातली सर्वांत दुखरी जागा होती. साम्य हे तोतयाजवळच असते. म्हणून साम्याच्या पलीकडे जाऊन विचारपूस करावी लागते : कोठे होतास, काय आठवते, कोण तुला ओळखतो. तोतयाला देहदंड झाला, पण तो देणाऱ्यांची नावे इतिहासाला माहीत आहेत. आपण ती चौकशी न्याय्य होती की नव्हती यावर आजही वाद घालू शकतो, कारण त्या निर्णयाला कर्ते आहेत.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ज्या नोंदीशी चेहरा जुळवायचा ती नोंद तरी कशावर उभी असते? महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत, आई-वडिलांना तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी प्रवेश देताना सोयीची तारीख लिहून मोकळे होत. ती तारीख शाळेच्या दाखल्यावरून मतदार ओळखपत्रावर, तेथून आधारवर आणि आता विमानतळाच्या दारापर्यंत पोचली आहे. ज्यांच्यापाशी कोणताच कागद नव्हता त्यांच्यासाठी आधार योजनेत 'परिचयकर्त्या'ची तरतूद होती : एका नोंद झालेल्या माणसाने दुसऱ्याविषयी 'मी यांना ओळखतो' असे सांगायचे. या वाटेने आलेले फार थोडे होते हे खरे. परंतु तत्त्व त्यातून उघड होते. यंत्राच्या निश्चितीचा पाया खणत गेलो तर तळाशी कोणीतरी गुरुजी, कोणीतरी तलाठी, कोणीतरी शेजारी भेटतो. तळाशी जुळणे नाही, पटणेच आहे.

३

ओळख न पटण्याचे भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध दृश्य एका दाराशीच घडते. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंताच्या सभेत येते. तिच्या मुखावरचे अवगुंठन दूर केले जाते. राजा तिचा चेहरा पाहतो आणि त्याला काही आठवत नाही. ती खुणेची अंगठी दाखवू पाहते. अंगठी बोटात नसते. ती एकांतातला प्रसंग सांगते. तो त्याला बनाव वाटतो. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. नाटकाचे नावच सांगते, की चेहरा पुरेसा नाही, खूण हवी. ॲरिस्टॉटलनेही अभिज्ञानाचे प्रकार सांगताना व्रण, दागिने अशा बाह्य खुणांवर होणारी ओळख कलादृष्ट्या सर्वांत खालची मानली, आणि घटनाक्रमातूनच उलगडणारी ओळख सर्वांत वरची.

वरवर पाहता विमानतळावर याच्या उलट घडते : अंगठी नको, चेहरा पुरे. पण हा भास आहे. तेथे चेहराच अंगठी झालेला असतो. तो काही सांगत नाही, विचारत नाही. तो फक्त दाखविला जातो. लेव्हिनास या फ्रेंच तत्त्वचिंतकाने १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात चेहरा हा पाहण्याचा विषय नसून आपल्याला साद घालणारा, उत्तरदायी करणारा असतो, असे प्रतिपादन केले. दाराशी असलेला चेहरा साद घालू शकत नाही, कारण ऐकणारा नसतो. तो मुद्रेसारखा उमटतो. आपल्या संतांनी अभंगात नाममुद्रा घातली तेव्हा 'म्हणे' हे क्रियापद तिच्याबरोबर ठेवले. नाव हे बोलणाऱ्याचे होते. येथली मुद्रा मुकी आहे.

शाकुंतलाकडे पुन्हा वळू. महाभारतातील मूळ आख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि लोकापवादाच्या भयाने न ओळखल्याचे सोंग करतो. शकुंतला भर सभेत त्याच्याशी वाद घालते, सत्य आणि धर्म यांची आठवण देते. तेथे नकाराचा कर्ता उघड आहे. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला आणि नकाराचे कर्तृत्व राजाकडून शापाकडे सरकविले. नायकाला निर्दोष ठेवण्याची ही युक्ती आहे, असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो निराधार नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर राजा म्हणतो, 'माझ्या हातात काही नाही, स्मृतीत नोंद येत नाही.'

परंतु कालिदास येथे थांबत नाही. शापाने राजाला सोडविल्यावर त्याने त्याला सहावा अंक दिला. अंगठी मिळते, स्मृती परत येते आणि राजा पश्चात्तापाने जळतो. शाप माहीत नसल्यामुळे तो नकार स्वतःचाच मानतो. पाचव्या अंकातील नकार नैतिकदृष्ट्या सह्य होतो तो सहाव्या अंकामुळे. ज्याने नाकारले त्याला आपण काय केले हे एक दिवस कळू शकते, आणि कळल्यावर त्याला दुखते. शकुंतला ज्याला 'अनार्य' म्हणू शकते असा कोणी समोर आहे, आणि तो शब्द पुढे त्याला लागणार आहे.

यावरून नकाराच्या कर्त्याची एक व्याख्या हाती येते. नकाराचा कर्ता म्हणजे ज्याला प्रश्न विचारता येतो आणि ज्याला पश्चात्ताप होऊ शकतो तो. यंत्र चुकते म्हणून ते अपात्र ठरत नाही. माणूस त्याहून अधिक चुकत असेल. ते अपात्र ठरते याचे कारण, त्याच्यासाठी सहावा अंक नाही.

४

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. माणसाने माणसाची ओळख पटवून घेणे ही क्रिया आपण येथवर बरीच गोड करून मांडली. शेजारच्या बाकावरचे 'तू कोना पोऱ्या शे?' हे सर्वांना सारखे गोड लागत नाही. त्या प्रश्नाच्या पोटात आडनाव असते आणि आडनावाच्या पोटात जात. ज्याला उत्तर देताना आवाज खाली न्यावा लागतो त्याला विचारले न जाणे हीच मुक्ती वाटेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समूहांना जन्मतः संशयित ठरविले. गाव सोडताना परवाना आणि पोलीस पाटलापुढे हजेरी हे त्यांचे जगणे झाले. कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) ही हजेरी कुटुंबाच्या दिनक्रमाचाच भाग आहे. हजेरी घेणारा माणूसच होता. त्याला नाव होते, त्याला प्रश्न विचारता येत नव्हता, आणि त्याला पश्चात्ताप झाल्याचे वाचनात नाही. अशा इतिहासासमोर 'यंत्र जात विचारीत नाही' हे विधान क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

याला दोन प्रकारे उत्तर देता येते. पहिले असे, की शरीराची नोंद ठेवणारे तंत्र या नजरेपासून वेगळे जन्मलेले नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर पंजाचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांचा विभाग निघाला. येथील माणसाच्या शब्दावर विश्वास नसलेल्या सत्तेने त्याच्या शरीराची साक्ष काढली. मराठीत 'अंगठेबहाद्दर' हा निरक्षराला हिणवणारा शब्द रूढ झाला. सही करणारा तो शहाणा, अंगठा देणारा तो अडाणी. आज सही मागे पडली आणि साक्षर-निरक्षर सारेच अंगठेबहाद्दर झाले, यात समतेचा एक विनोद आहे. पण तोही पुरता खरा नाही. कापूस वेचून, ऊस तोडून, केळीच्या बागेत राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचाच अंगठा अधिक वेळा नाकारला जातो. सरकारी सेवांसाठीच्या पडताळणीत यशाचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आधार प्राधिकरणाकडूनच सांगितले गेले. उरलेल्या बारांमध्ये कोण आहेत, हे त्यांच्या हातांवरून ओळखता येईल.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. रेशनच्या दुकानात अंगठा नाकारला जातो तेव्हा दुकानदार म्हणतो, 'मशीन अंगठा घेत नाही.' या वाक्याचे व्याकरण पाहावे. कर्ता मशीन आहे. दुकानदार स्वतःला वाक्याबाहेर ठेवतो. तो नकार देत नाही, नकाराचे वर्तमान सांगतो. विमानतळावर झडप उघडत नाही तेव्हाही शेजारी माणूस असतोच. प्रवाशाला त्याच्याकडे पाठविले जाते. पण हा तो जुना कार्ड आणि चेहरा पाहणारा माणूस नव्हे. त्याला आधीच सांगितले गेलेले असते, की यंत्राने याला ओळखले नाही. शंका यंत्राने घेतलेली असते, निरसन प्रवाशाने करायचे असते. ज्याला जातीच्या, धर्माच्या, वेषाच्या नजरेपासून वाचवायचे म्हणून यंत्र आणले, तो प्रवासी शेवटी त्याच नजरेसमोर उभा राहतो, आणि या वेळी तिच्या बाजूला यंत्राचे प्रामाण्य उभे असते. यंत्राने होकार देताना माणसाची नजर टळते. यंत्राने नकार देताना ती दुणावते. ही विषमता लक्षात घेतली म्हणजे आक्षेपातील सत्यांश राखूनही आपल्या प्रश्नाला वाट सापडते.

५

अध्यापकाच्या व्यवसायात ओळख पटविण्याचे एक काम दर वर्षी येते. परीक्षेच्या दालनात प्रवेशपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहावा लागतो. मुलीचे लग्न झालेले असते आणि प्रवेशपत्रावर माहेरचे नाव असते. आजारपणाने चेहरा उतरलेला असतो. छायाचित्र चार वर्षांपूर्वीचे असते. अशा वेळी पर्यवेक्षक विचारपूस करतो, केंद्रप्रमुखाशी बोलतो, हमीपत्र लिहून घेतो आणि पेपर हातात देतो. त्या हमीपत्रावर दोन सह्या असतात : विद्यार्थिनीची आणि त्याची. तोतया बसल्याचे उघड झाले तर जाब त्यालाही द्यावा लागेल, आणि खरी मुलगी परत पाठविली गेली तर तिचे गेलेले वर्ष त्याच्याच नावावर जमा होईल. या कामात काही मोठेपणा नाही. पण ओळख पटविण्याचा अधिकार आणि तिचे ओझे एकाच हातात असावे, हे तत्त्व त्या साध्या कागदात पाळलेले असते.

हेच तत्त्व विमानतळाच्या दाराला लावून पाहता येईल. होकार यंत्राने द्यायला हरकत नाही. तो जलद मिळतो, जात विचारीत नाही, आणि होकाराचा जाब कोणी मागत नाही. नकार मात्र माणसाचाच असला पाहिजे. याचा अर्थ यंत्राशेजारी एक गणवेशधारी उभा करावा एवढाच नाही. यंत्राचा 'नाही' हा नकार मानलाच जाऊ नये. त्याचा अर्थ 'मला सांगता येत नाही' इतकाच घ्यावा, आणि ओळखीचा प्रश्न तेथून नव्याने सुरू व्हावा. त्या माणसाला कागद आणि चेहरा पाहून पटवून घेण्याचा पूर्ण अधिकार असावा, आणि त्याने नाकारले तर ते स्वतःच्या नावाने, कारण सांगून, लेखी नाकारावे. आधार प्रकरणी २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात योजना वैध ठरविणाऱ्या बहुमतानेही, पडताळणी फसली एवढ्यावरून कोणी आपल्या हक्काला मुकू नये, असे बजावले. न्यायालयाने परिणाम सांगितला. नकाराला कर्ता असावा हे त्याच्यामागचे तत्त्व मानता येईल.

सुरक्षेच्या अंगाने असे म्हटले जाईल, की सही करायची वेळ आली की रक्षक भिऊन अधिक माणसांना अडवील. शक्य आहे. पण भिऊन अडविणाऱ्याला विचारता येते, 'कशाला भ्यालात?' आणि या प्रश्नाची सवय लागलेली व्यवस्था हळूहळू सुधारते. ज्या नकाराला कोणी विचारू शकत नाही तो सुधारतही नाही. फार तर त्याची नवी आवृत्ती येते.

कोसल्याच्या नायकाचे आडनाव त्याच्या गावावरून आलेले आहे, आणि ती कादंबरी त्याने स्वतःची ओळख करून देण्यापासूनच सुरू होते. मी कोण, हे मी सांगणार, आणि ऐकणाऱ्याने ते मानायचे की नाही हे ठरवायचे, या करारावर कादंबरी उभी असते; किंबहुना सर्व साहित्य उभे असते. वाचकाला न पटण्याचा अधिकार आहे, पण न पटणारा वाचक कोणीतरी असतो. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही मिटवून केवळ जुळणी उरली, तर दारे पूर्वीपेक्षा भराभर उघडतील यात शंका नाही. ज्याच्यासाठी ते दार उघडले नाही, त्याने आपले गाऱ्हाणे कोणत्या पुरुषी लिहावे, द्वितीय की तृतीय, एवढे मात्र व्याकरणाला सांगता येणार नाही.